लीगआधीची तयारी : बचाव फॉरवर्डपासून सुरू करायचा

केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) फुटबॉल लीगचा हंगाम तोंडावर आला की कोल्हापुरात पेठेपेठेत पहिली चर्चा होते ती फॉरवर्ड कोण आणायचा याची. आणि गोल खाल्ला की शिव्या पडतात स्टॉपरला, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बचावपटूला. शाहू स्टेडियमवर वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं. आपल्या संघांचे स्टॉपर इतके वाईट नाहीत. पुढचे दोघं चेंडूमागे धावत सुटलेले असतात, मधले चौघं जागेवर उभे असतात आणि या दोन फळ्यांमध्ये मोकळं मैदान पडलेलं असतं. तिथून समोरचे तिघं सुसाट आले की स्टॉपर करणार काय? लीग सुरू व्हायच्या आधी या दुखण्यावर काम झालं पाहिजे, म्हणून ही यादी.

सुरुवात मोबाइलवरून. गेल्या हंगामात खाल्लेल्या गोलांचे जेवढे व्हिडिओ हाती लागतील तेवढे गोळा करावेत, पण गोलाचा क्षण बघत बसू नये. तिथून पंधरा सेकंद मागं जावं. चेंडू कुठं गमावला, त्या वेळी सर्वांत जवळचा आपला खेळाडू काय करत होता, हाफ (मधली फळी) आणि बॅक (बचावफळी) यांच्यात अंतर किती होतं आणि पलीकडच्या बाजूचा बॅक कुठं उभा होता, एवढंच वहीत उतरवावं. वहीत खेळाडूंची नावं घालू नयेत, फक्त जागा लिहाव्यात. नाव लिहिलं की पोरगं मान खाली घालतं आणि पुढचं काही ऐकत नाही.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं आहे असं वाटत असेल, तर मुलांना 8 जुलै 2014 ची विश्वचषकातली ब्राझील-जर्मनी उपांत्य लढत दाखवावी. 23 व्या ते 29 व्या मिनिटात ब्राझीलनं चार गोल खाल्ले. त्यातला 26 व्या मिनिटाचा गोल थांबवून थांबवून बघण्यासारखा आहे. ब्राझीलनं मध्यरेषेवरून नुकताच खेळ सुरू केलेला. फर्नांडिन्हो स्वतःच्या हद्दीत पास घेतो, क्रूसची चाहूल त्याला लागत नाही. क्रूस चेंडू काढून घेतो, खेदिराला देतो, परत घेतो आणि गोल. यात जर्मनीनं नेमका कोणता क्षण पकडला ते मुलांकडूनच वदवून घ्यावं.

मैदानावरचं पहिलं काम म्हणजे अंतर. प्रशिक्षक आरिगो साकीच्या मिलान या इटलीतल्या क्लबनं 1989 आणि 1990 असा सलग दोनदा क्लबांचा युरोपियन कप जिंकला. शेवटच्या बॅकपासून पुढच्या फॉरवर्डपर्यंत साधारण 25 मीटरच्या आत संघ बांधून ठेवायचा, हा त्यांच्या खेळाचा पाया होता. त्यांचा सराव बऱ्याचदा चेंडूशिवाय चालायचा. प्रशिक्षक सांगेल की चेंडू अमुक जागी आहे आणि सगळा संघ तसा सरकणार. आपल्याकडं यासाठी खर्च काहीच नाही. आडव्या दोन रांगांत कोन मांडावेत, मधे 25 ते 30 मीटर ठेवावेत आणि दहाही खेळाडूंना त्या पट्ट्यात उभं करावं. पट्टा पुढं सरकला की सगळे पुढं, मागं आला की सगळे मागं. चारही बॅकच्या हातात एक दोर द्यावा, म्हणजे एक जण मागं राहिला की लगेच ताण बसतो. मुलं पहिल्या दोन दिवसांत कंटाळतात. कंटाळू द्यावीत, हे सोडू नये.

त्यानंतर चेंडू असलेल्याच्या अंगावर कधी जायचं ते ठरवावं. माझा सगळ्यात जास्त आग्रह इथं आहे. प्रत्येक चेंडूवर धावणं म्हणजे प्रेसिंग नव्हे; सगळ्यांनी मिळून, ठरलेल्या क्षणी चालून जाणं म्हणजे प्रेसिंग. खुणा तीनच ठेवाव्यात, जास्त दिल्या की मॅचच्या गडबडीत एकही आठवत नाही. समोरच्यानं स्वतःच्या स्टॉपरकडं किंवा कीपरकडं मागं पास दिला, ही पहिली. चेंडू घेताना तो पायावरून उडाला किंवा टप्पा पडून वर आला, ही दुसरी. आणि त्यांच्या बॅकनं साइडलाइनजवळ स्वतःच्या गोलकडं तोंड करून पास घेतला, ही तिसरी. शेवटची सगळ्यात भरवशाची, कारण एका बाजूला रेषा आपल्यासाठी उभी असते. खूण दिसली की सगळ्यांनी जायचं, दिसली नाही तर सगळ्यांनी जागा धरायची. एकट्यानं जायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

पहिला जो जाईल त्याची धाव नीट घोटून घ्यावी. समजा त्यांच्या डावीकडच्या स्टॉपरकडं मागं पास आला. आपला फॉरवर्ड नाकासमोर सरळ पळत गेला, तर स्टॉपर एक पाय टाकून मधल्या हाफला पास देतो आणि आपले दोन गडी एका पासमध्ये बाद होतात. फॉरवर्डनं मधल्या बाजूनं वळण घेत जायचं, म्हणजे तो मधला हाफ त्याच्या पाठीमागं झाकला जातो आणि स्टॉपरला साइडलाइनकडंच खेळावं लागतं. शेवटच्या दोन-तीन पावलांत वेग कमी, गुडघे वाकलेले, अंग तिरकं, पाय घालायची घाई नाही. चेंडू काढायचं काम दुसऱ्याचं, पहिल्यानं फक्त रस्ता बंद करायचा. तिकडं साइडलाइनजवळच्या बॅककडं पास निघाला की चेंडू वाटेत असतानाच आपला विंगर (कडेचा खेळाडू) धावत सुटलेला हवा. चेंडू पोचल्यावर निघाला तर उशीर झाला.

मागच्यांचं काम कंटाळवाणं पण जास्त मोलाचं. चेंडू डावीकडं असेल तर उजवा बॅक मैदानाच्या मध्याकडं सरकलेला हवा. पुढचे प्रेस करायला निघाले की स्टॉपरची ओळ वर आली पाहिजे, नाहीतर पुन्हा तेच मोकळं मैदान. मात्र समोरच्याला मान वर करून लांब चेंडू मारायला वेळ मिळतोय असं दिसलं, तर त्याच क्षणी ओळीनं मागं पळायला सुरुवात करावी. गोलकीपर गोलरेषेवर चिकटून राहिला तर हे सगळं व्यर्थ. 2014 च्याच विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध जर्मनीचा गोलकीपर नॉयर पेनल्टी बॉक्सच्या बाहेर येऊन किती चेंडू मारत होता, ते आपल्या कीपरला आवर्जून दाखवावं आणि सरावात त्याला बॉक्सच्या रेषेवर उभं राहायची सवय लावावी.

चेंडू आपण गमावला तर पाच सेकंद जवळच्या तिघांनी तुटून पडावं. नाही मिळाला तर मागं येऊन पट्टा पुन्हा बांधावा. दुपारच्या उन्हात संपूर्ण मॅच प्रेस होत नाही, करूही नये. कोणत्या टप्प्यात वर जायचं आणि कोणत्या टप्प्यात मध्यरेषेच्या मागं थांबायचं, हे ड्रेसिंग रूममध्येच ठरलेलं असावं.

आवाज कुणाचा, हेही ठरवावं. शाहू स्टेडियमची गॅलरी भरली की शेजारच्याचं ऐकू येत नाही, आणि गॅलरीतून सारखं “आरं जा की अंगावर!” सुरू असतं. प्रेक्षकांचं प्रेम खरं आहे, पण त्या हाकेवर आपला हाफ जागा सोडून निघाला की गोल बसतो. म्हणून पुढं जायचा इशारा एकाच मधल्या हाफचा, ओळीचा इशारा एकाच स्टॉपरचा, आणि दोन्ही इशारे हातानं. सरावात मुद्दाम स्पीकर लावून हे करून घ्यावं.

थांबलेला खेळ पुन्हा सुरू होतो तिथंही लक्ष हवं. 2019 पासून गोलकिकचा पास बॉक्सच्या आतच घेता येतो, त्यामुळं बरेच संघ कीपरकडून जवळ पास खेळतात. चेंडू हलेपर्यंत आपल्याला बॉक्सबाहेरच थांबावं लागतं, म्हणून कोण कुणावर धावणार हे आधी वाटून घ्यावं. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, ही साधी गोष्ट आपले बॅक मॅचमध्ये हमखास विसरतात.

आणि गोल केल्यानंतरचा पहिला मिनिट. 9 ऑक्टोबर 2017 ला दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात जिक्सननं कोलंबियाविरुद्ध 82 व्या मिनिटाला भारताचा या स्पर्धेतला पहिला गोल केला. सगळा देश उभा राहिला, आणि पुढच्याच मिनिटाला पेन्यालोझानं गोल मारून सामना नेला. त्या संघात आपला अनिकेत जाधव होता, त्यामुळं कोल्हापूरला तो मिनिट जास्तच लागला. गोल झाला की मिठ्या मारून व्हाव्यात, पण खेळ सुरू व्हायच्या आधी स्टॉपरनं सगळ्यांना पट्ट्यात आणून उभं केलेलं असावं. सराव सामन्यातही प्रत्येक गोलनंतर हे करून घ्यावं.

शेवटी बेंच. हे सगळं अकरा जणांनाच शिकवलं तर तासाभरानं बदली खेळाडू उतरतो आणि पट्ट्याला भोक पडतं. बाहेरून आणलेले खेळाडू उशिरा येतात, त्यांच्यासाठी दोन सराव राखून ठेवावेत आणि दोरीच्या सरावात त्यांनाही उभं करावं, मग त्यांचं नाव कितीही मोठं असो.