तालुक्याच्या गावी व्याख्यानमाला सुरू करताना

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे महाराष्ट्रातील कितीतरी लहानमोठ्या गावांनी आपापल्या व्याख्यानमाला सुरू केल्या. कोठे वाचनालयाने, कोठे महाविद्यालयाने, तर कोठे चार शिक्षक आणि दोन व्यापाऱ्यांनी मिळून. एकेका व्याख्यानाला ‘पुष्प’ म्हणण्याची आणि वक्त्याने ते ‘गुंफण्याची’ भाषा आजही सर्वत्र चालते. ज्या गावी अशी माला नाही किंवा असून बंद पडली आहे, तेथील मंडळींसाठी हे लिहीत आहे. एका लहान गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत काम करताना जे शिकायला मिळाले, त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, माला टिकते ती वक्त्याच्या नावावर नव्हे, तर तारीख, वेळ आणि जागा दरवर्षी तीच ठेवल्यामुळे. तीन-चार वर्षे हे पाळले, की श्रोता निमंत्रणपत्रिकेची वाट पाहत नाही. त्या दिवशी तो आपोआप जेवण लवकर आटोपतो.

म्हणून सर्वांत अधिक विचार तारखेचा करावा. मे महिन्यात शाळेचे सभागृह रिकामे असते, नोकरीनिमित्त बाहेर असलेली मंडळी गावी आलेली असतात. पण लग्नसराई ऐन भरात असते आणि वळवाचा पाऊस उघड्या मंडपाची वाट लावतो. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम असते, वसतिगृहातील विद्यार्थी गावातच असतात. मात्र शाळांची स्नेहसंमेलने त्याच सुमारास येतात आणि ऊसपट्ट्यात शेतकऱ्याला तोडणीच्या दिवसांत उसंत नसते. आपल्याला श्रोता कोण हवा आहे, हे ठरवून मगच महिना ठरवावा. तरुण मुलेमुली हवी असतील, तर मे महिना टाळलेला बरा. मालेचा दिवस तिथीवर न ठेवता इंग्रजी तारखेवर ठेवावा, कारण तिथी दरवर्षी सरकते आणि बाहेरगावच्या वक्त्याला वर्षभर आधी सांगताना घोटाळा होतो. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिन आणि १२ जानेवारी हा राजमाता जिजाऊ यांचा. अशा एखाद्या तारखेला माला जोडली, तर ती लोकांच्या लक्षातही राहते. गावच्या यात्रेच्या दिवसांशी मात्र टक्कर घेऊ नये.

वेळेचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण सभागृहात स्त्रिया दिसणार की नाहीत हे त्यावरच ठरते. सायंकाळी साडेसहाची वेळ निवृत्त पुरुषांना सोयीची असते. त्या वेळी दुकानदार गल्ल्यावर असतो आणि घरोघरी स्वयंपाक चाललेला असतो. रात्री साडेआठची वेळ ठेवली, तर दोघेही येऊ शकतात. पण मग आसपासच्या खेड्यांतील श्रोत्यांची शेवटची एस.टी. निघून जाते. शिवाय ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. साडेआठला सुरुवात, पाऊण ते एक तास व्याख्यान, पंधरा मिनिटे प्रश्नोत्तरे, असा हिशेब धरला तर पावणेदहापर्यंत सर्व आटोपते. आमच्या अनुभवाप्रमाणे हीच वेळ लाभली, पण आपल्या गावातील दहा घरांत जाऊन, विशेषतः घरातील स्त्रियांना विचारून, ती ठरवावी.

ठरलेल्या मिनिटाला सुरुवात करणे हे त्याहून कठीण असते. एका वर्षी उद्घाटनाच्या पाहुण्यांची आम्ही चाळीस मिनिटे वाट पाहिली. ते आल्यावर सत्कार आणि मनोगते झाली, आणि दोनशे किलोमीटरवरून आलेल्या वक्त्याला पंचवीस मिनिटे मिळाली. मागच्या रांगांतील मंडळी तोवर उठून गेली होती, आणि दुसऱ्या दिवशीही त्यांतील बरीचशी आली नाहीत. त्या रात्रीची खंत अजून गेलेली नाही. त्यानंतर आम्ही ठरवले की प्रास्ताविक पाच मिनिटांचे, वक्त्याचा परिचय तीन मिनिटांचा, आभार दोन मिनिटांचे, आणि सत्कार एकाच व्यक्तीचा, म्हणजे वक्त्याचा. तोही शाल-श्रीफळाऐवजी पुस्तक देऊन. सभागृहात वीसच माणसे असली, तरी ठरल्या वेळी सुरुवात करावी. वेळेवर आलेल्या त्या वीस जणांचा मान राखला गेला, तर पुढच्या वर्षी साठ जण वेळेवर येतात.

वक्ते निवडताना आधी विषय ठरवावा आणि मग त्या विषयातील माणूस शोधावा. पाच पुष्पांची माला असेल, तर एक शेती किंवा पाण्यावर, एक आरोग्यावर, एक इतिहासावर, एक साहित्यावर आणि एक तरुणांच्या शिक्षण-नोकरीच्या प्रश्नांवर, अशी विभागणी साधारणपणे लोकांना रुचते. पण दरवर्षी तोच साचा ठेवण्याची गरज नाही. पाचांपैकी किमान एक वक्ता आपल्याच तालुक्यातील असावा. जुनी कागदपत्रे जमवणारा शिक्षक, तीस वर्षे प्रसूती करणारी परिचारिका, बियाणे राखणारा शेतकरी, यांना गाव ओळखत असते, पण गावाने त्यांना तासभर शांतपणे ऐकलेले नसते. त्यांचे मानधन बाहेरच्या वक्त्याइतकेच असावे, याबाबत मी आग्रही आहे. स्थानिक वक्त्याचा आणखी एक उपयोग होतो: बाहेरचा वक्ता ऐनवेळी अडकला, तर दिवसांची अदलाबदल करून मालेतील खंड टाळता येतो.

निमंत्रण किमान चार महिने आधी, पत्राने द्यावे. पत्रात विषय, तारीख, व्याख्यानाची लांबी, श्रोत्यांचे स्वरूप, जवळचे रेल्वे स्थानक, उतरण्याची सोय आणि मानधनाचा आकडा स्पष्ट लिहावा. मानधनाविषयी संकोचाने मोघम लिहिले जाते आणि शेवटी दोन्हीकडे अवघडलेपण येते. वक्त्याच्या दिमतीला एकच कार्यकर्ता नेमावा, जो त्यांना स्थानकावर उतरवून घेईल, पथ्यपाणी विचारील, व्याख्यानाआधी तासभर विश्रांती मिळू देईल आणि मानधनाचे पाकीट प्रवासखर्चासह त्याच रात्री हातात देईल.

पैशांची बाजू. खर्चाचा क्रम वक्ता, ध्वनिव्यवस्था, छपाई आणि सर्वांत शेवटी सजावट, असा असावा. प्रत्येक पुष्प एखाद्या कुटुंबाने आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ पुरस्कृत करण्याची पद्धत चांगली आहे, मात्र त्यांचा उल्लेख पत्रिकेत आणि प्रास्ताविकात असेल, वेगळे भाषण नसेल, हे देणगी घेतानाच सांगावे. यापेक्षाही टिकाऊ उपाय म्हणजे कायम ठेव. एक लाख रुपयांवर सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला सात हजार रुपये मिळतात आणि एका पुष्पाचा बराचसा भार कायमचा उतरतो. वर्गणी नोंदणीकृत संस्थेच्या पावतीपुस्तकावरच गोळा करावी. गावातील शासनमान्य वाचनालय बरोबर असेल तर हे सहज साधते. नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. जमाखर्च माला संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत वाचनालयाच्या फलकावर लावावा. पुढच्या वर्षीची अर्धी वर्गणी त्या एका कागदामुळे मिळते.

सभागृहात मागच्या रांगेत बसून आवाज स्वतः ऐकून पाहावा. मोठमोठे भोंगे लावण्यापेक्षा मध्यभागी आणि मागे दोन लहान ध्वनिक्षेपक लावले, तर शब्द स्वच्छ पोहोचतात. व्याख्यानात आवाजाच्या मोठेपणापेक्षा शब्दाच्या स्पष्टतेला महत्त्व आहे. वीज जाणार हे गृहीत धरून माइक आणि दोन दिव्यांपुरता इन्व्हर्टर तयार ठेवावा. सुरुवातीला खुर्च्या अपेक्षेपेक्षा कमी मांडाव्यात आणि उरलेल्या भिंतीशी रचून ठेवाव्यात, म्हणजे लोक पुढे बसतात. प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवावेत. माइक हाती घ्यायला संकोचणाऱ्या मुलींचे आणि वृद्धांचे प्रश्न तेव्हाच वक्त्यापर्यंत पोहोचतात, आणि प्रश्नाऐवजी भाषण करणाऱ्यालाही आवर बसतो.

प्रसिद्धीसाठी फ्लेक्सवर फार खर्च करू नये. पंधरा दिवस आधी छापील पत्रिका घरोघरी हाताने द्यावी, व्हॉट्सॲपवर ती फिरवावी, आणि मालेच्या दिवसांत मुख्य चौकात व बसस्थानकावर फळा ठेवून त्यावर रोज सकाळी त्या दिवसाचा विषय आणि वेळ खडूने लिहावी. वर्तमानपत्राच्या वार्ताहराला दीडशे शब्दांचा वृत्तान्त आणि एक छायाचित्र त्याच रात्री पाठवावे. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास वक्त्याची संमती आधी घ्यावी.

शेवटच्या पुष्पाचे आभार मानताना, लोक उठण्यापूर्वी, पुढील वर्षाच्या तारखा व्यासपीठावरून जाहीर कराव्यात, आणि सतरंज्या गुंडाळून होण्याच्या आत सभागृहाच्या आरक्षणाचा अर्ज मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा.