कडकनाथमध्ये कोंबडा कोणता, तलंग कोणती? आमच्या या चुका तुम्ही टाळा

गेल्या वर्षी झाबुआहून कडकनाथची, म्हणजे त्या काळ्या कोंबड्यांच्या जातीची, बारा पिल्लं आणली, इंदूरहून दीडशे किलोमीटर, खोक्याला भोकं पाडून गाडीत मागे ठेवून. चार महिन्यांची झाल्यावर घरात एकमताने ठरलं की काळू आणि शेरू कोंबडे आहेत, बाकी सगळ्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या. कॉलनीत आरवणं नको म्हणून दोघांना मावसभावाच्या इंदूरजवळच्या राऊ गावातल्या प्लॉटवर सोडून आलो. आठवड्याभरात पहाटे पाचला आमची 'राणी' आरवली आणि शेजारच्यांनी गच्चीवरून विचारलं, "भिया, मुर्गा कब ले आए?" आणि तिकडे राऊला महिन्याभराने शेरूने अंडं घातलं.

म्हणजे बारातल्या दोघांच्या बाबतीत आपटलो. नंतर बसून विचार केला तेव्हा कळलं कुठे गंडलो ते.

सगळ्यात मोठी चूक तुऱ्याची. सगळीकडे एकच सांगतात की तुरा लाल झाला की कोंबडा. अहो पण कडकनाथचा तुरा लाल होणार कुठून, त्याची कातडी, चोच, जीभ, हाडांवरचं आवरणसुद्धा काळं, तुरा फार तर जांभळट दिसतो. म्हणजे रंग विसरायचा आणि तुरा वाढतो कधी ते बघायचं. नराचा तुरा साधारण दोन-अडीच महिन्यांपासून वाढायला लागतो आणि थांबत नाही, चोचीखालचं लोंबणारं कातडंही सोबत मोठं होतं. तलंगेचा तुरा बरेच महिने बारीक राहतो आणि अंड्यावर यायच्या थोडं आधी भराभर फुगतो. शेरूचं तेच झालं होतं, पाचव्या महिन्याच्या तोंडावर तुरा फुगला आणि आम्ही म्हणालो हा बघा कोंबडा. असील या झुंजीच्या जातीत तर तुराच चपटा, वाटाण्याच्या दाण्यांसारख्या तीन ओळींचा, तिथे नराचा तुरा आधी रुंद होतो एवढंच लक्षात ठेवायचं.

दुसरी चूक वागण्यावरून ठरवायची. शेरू भांडकुदळ होती, छाती काढून चालायची, दाण्यावर आधी तीच, म्हणून तिचं नावच शेरू पडलं. तलंगापण भांडतात हो, असीलच्या तर विचारूच नका. आणि उलट बाजू अशी की कळपात एक दांडगा नर असेल तर दबलेला दुसरा नर गपचूप राहतो, आरवत नाही, तुराही हळू वाढतो. काळू गेला आणि राणीचा राजा झाला तो यामुळेच! त्यामुळे मुख्य कोंबडा काढला तर पुढचे पंधरा दिवस कान उघडे ठेवा.

मग बघायचं काय? पिसं. पण शेपटीची नाही, कमरेवरची, म्हणजे पाठ संपून शेपटी सुरू होते तिथली दोन्ही बाजूंची. नराची तिथली पिसं लांब, निमुळती, टोकदार आणि चकचकीत, बाजूला ओघळल्यासारखी दिसतात, मादीची गोल टोकाची. मानेवरही थोडाफार तोच फरक. लवकर वाढणाऱ्या जातीत हे तीन महिन्यांत दिसतं, कडकनाथ किंवा गावरानमध्ये चार-पाच महिनेसुद्धा लागतात आणि आधी जी पिसं असतात ती दोघांची सारखीच, तिथेच माणूस घाई करतो. पूर्ण काळ्या पक्ष्यात ही टोकं दिसतच नाहीत, तर सकाळच्या उन्हात पक्षी मांडीवर घ्या आणि पिसांखाली पांढरा कागद सरकवा, लगेच आकार कळतो. उपटू नका. सिल्की पाळत असाल तर ही युक्ती नीट चालत नाही, त्यांची पिसं मुळातच केसांसारखी असतात.

नर-मादी ओळखायला सुई-धागा फिरवणं, टोकदार अंड्यातून नर निघतो वगैरे सोडून द्या. एका दिवसाच्या पिल्लाचे पंख बघून नर-मादी सांगतात ते खरं आहे पण त्यासाठी खास संकर केलेली जात लागते, कुठल्याही पिल्लाला लागू होत नाही. आणि पिल्लाची विष्ठेची जागा मागून दाबून बघायचा प्रयोग घरी अजिबात करू नका, ते शिकलेल्या हाताचं काम आहे, नाहीतर पिल्लू जातं. पायावरच्या काट्यावरून पण नको, म्हाताऱ्या कोंबडीलाही काटा येतो.

आमची आणखी एक गंमत, गेल्या रविवारी जिचा तुरा बघितला ती हीच का, हेच आठवायचं नाही. बाराही काळ्या! आता पायात प्लास्टिकची रंगीत झिपटाय बांधतो (दर दोन आठवड्यांनी बदलायची, नाहीतर पाय वाढतो आणि टाय रुतते) आणि दर रविवारी बाजूने फोटो काढतो. तुलना पण एकाच वयाच्या, एकाच जातीच्या पक्ष्यांचीच करायची, महिनाभर मोठ्या पिल्लाशेजारी उभं केलं तर सगळेच लहानखुरे वाटतात.

सहा महिन्यांच्या आसपास मात्र तलंग स्वतःच सांगते. पाठीवर हात ठेवला की पंख किंचित पसरून खाली बसते, म्हणजे अंडं जवळ आलंय. तोपर्यंत कोणाला देऊ नका, विकू नका. आम्ही शेरू परत मागितली तर मावसभाऊ म्हणतो, कोंबडा म्हणून दिलात ना, मग अंडी माझी.