बिटाच्या कोशिंबिरीला पाणी सुटायचं, ते असं थांबलं

परभणीला आमच्या घरी बीट कुणी खात नव्हतं. मातीचा वास येतो, असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते खरंच आहे. बिटात जिओस्मिन नावाचा घटक असतो. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, त्यातही तोच असतो. शिवाय माझ्या कोशिंबिरीला अर्ध्या तासात लाल पाणी सुटायचं, दही पार पातळ व्हायचं.

चूक शिजवण्यात होती. मी बीट सोलून, फोडी करून पाण्यात शिजवत होते, त्यामुळे रंग आणि गोडी दोन्ही पाण्यात उतरायची. आता देठ बोटभर ठेवते, शेपटी कापत नाही. सालासकट धुऊन कुकरच्या डब्यात, डब्यात पाणी न घालता ठेवते. मध्यम बिटाला ४-५ शिट्ट्या पुरतात. पूर्ण गार झालं की साल हातानेच निघतं. इथे घाई अजिबात नको, कोमट बीट दह्यात घातलं की दही फुटल्यासारखं होतं.

वासावर उपाय आंबटाचा. किसाला आधी लिंबू चोळून १० मिनिटं ठेवते, वास बराच मोडतो. दही फडक्यात तासभर टांगलेलं. मग शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची, मोहरी-हिंगाची फोडणी. मीठ मात्र ताटं वाढताना.

दह्याऐवजी वरून कारळाची चटणी भुरभुरवली, तर ज्वारीच्या भाकरीबरोबर मला तीच जास्त आवडते. परवा सासूबाईंनी ती दुसऱ्यांदा मागून घेतली.