म्युनिकहून पोर्शे भाड्याने घेताना: ऑटोबान, आल्प्सचे घाट आणि डिपॉझिट

दहा दिवसांच्या युरोप सहलीत दहाही दिवस स्पोर्ट्स कार घेऊन हिंडायचा बेत असेल तर आधी तो बदला. शहरात ही गाडी म्हणजे नुसती डोकेदुखी. पार्किंगच्या उतारावर पुढच्या बंपरची खालची कड घासते, सामान मावत नाही, आणि हॉटेलखाली उभ्या गाडीचंही भाडं चालूच राहतं. म्युनिकमध्ये मेट्रो-ट्रामने फिरा आणि गाडी फक्त तीन दिवस घ्या: शनिवारी ताब्यात, सोमवारी परत. हेच वार का, ते पुढे येईलच.

कागदपत्रं इथूनच करून न्या

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, भारतातून निघण्याआधी काढा. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. हा परवाना एकटा कामाचा नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच. शिक्षण-नोकरीसाठी जर्मनीत स्थायिक झालेल्यांनी लक्षात ठेवावं की तिथे राहायला गेल्यावर भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं.

दुसरी गोष्ट क्रेडिट कार्ड. ते गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. बायकोच्या कार्डावर नवऱ्याला गाडी मिळत नाही, उलटही नाही. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड या वर्गातल्या गाड्यांना सहसा चालत नाही, आणि काही कंपन्या महागड्या गाडीसाठी दोन क्रेडिट कार्डं मागतात. डिपॉझिटची रक्कम कार्डावर अडकून राहते, त्यामुळे लिमिट आधीच वाढवून घ्या आणि परदेशी व्यवहार सुरू आहेत ना ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहा. काउंटरवर मशीन 'रुपयात की युरोत' असं विचारेल, तेव्हा युरो निवडा. रुपयात घेतलं तर दर त्यांचा लागतो आणि खिशाला चाट बसते.

वयाची अटही असते. स्पोर्ट्स कारला बऱ्याचदा २५, कधी ३० पूर्ण लागतात, शिवाय लायसन्स काही वर्षं जुनं हवं.

गाडी आणि करार

मोठ्या कंपन्यांच्या साइटवर फोटो पोर्शे ९११चा असतो आणि खाली बारीक अक्षरात 'किंवा तत्सम' लिहिलेलं असतं. ठराविक गाडीच हवी असेल तर मॉडेलची हमी देणाऱ्याकडेच बुक करा. माझं मत विचाराल तर दोघांसाठी पोर्शेचीच दोन सीटची बॉक्स्टर पुरते. छत उघडतं, घाटात अंगासरशी वळते, आणि आल्प्सच्या अरुंद रस्त्यांवर ५०० हॉर्सपॉवर वापरायला जागाच मिळत नाही. ९११ घेतलीत तर तिची डिकी पुढे असते, सुमारे १३० लिटरची. केबिन बॅगा जातील, मोठ्या सुटकेस हॉटेलच्या लगेज रूममध्ये ठेवाव्या लागतील. मागच्या सीट नावालाच.

करारातल्या चार गोष्टी सही करण्याआधी शोधा.

पहिली, किलोमीटरची मर्यादा. दिवसाला २०० किलोमीटर अशी अट असेल तर ती खाली दिलेल्या एका दिवसाच्या फेऱ्यातच संपते, आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे लागतात. जादा किलोमीटरचं पॅकेज आधी घेतलेलं बरं.

दुसरी, देशांची यादी. ऑस्ट्रियाला बहुधा हरकत नसते, पण महागड्या गाड्या इटलीत न्यायला बऱ्याच कंपन्या चोरीच्या भीतीने मनाई करतात. म्हणजे स्टेल्व्हिओ घाटाचं स्वप्न काउंटरवरच मोडू शकतं. लेखी विचारा.

तिसरी, विमा. 'फोलकास्को' म्हणजे पूर्ण विमा, पण 'जेल्ब्स्टबेटाइलिगुंग' हा आकडा पाहा. नुकसान झालं तर तेवढी रक्कम तुमच्याकडून जाते, आणि या वर्गात ती काही हजार युरो असू शकते. टायर, काच आणि गाडीचं पोट अनेकदा विम्याबाहेर असतात.

चौथी, रेसट्रॅकबंदी. न्युर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक पैसे भरून कुणालाही चालवता येतो, म्हणून मोह होतो. भाड्याच्या साध्या गाडीने तिथे जाणं म्हणजे करार मोडणं. विमा गेलाच, वर वाकलेल्या रेलिंगचं बिलही तुमचं. हौस असेल तर तिथेच ट्रॅकसाठी तयार केलेल्या गाड्या भाड्याने मिळतात.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. चारही रिमच्या कडा, पुढच्या बंपरची खालची बाजू (मोबाइल जमिनीलगत धरून), समोरची काच आणि इंधनाचा काटा यांचा व्हिडिओ काढा. फुटपाथला घासलेला रिम हे सगळ्यात नेहमीचं भांडण. थंडीत घेणार असाल तर डॅशबोर्डजवळचा स्टिकर वाचा. हिवाळी टायरना वेगाची कमाल मर्यादा असते, २१० किंवा २४०. गाडी तीनशे जात असली तरी टायर जात नाहीत.

पहिला तास

स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उजवी. याची सवय लवकर होते. हात चुकतो तो दुसरीकडेच. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, युरोपियन गाडीत डाव्या. पहिल्या दहा वळणांना कोरड्या काचेवर वायपर फिरणार, हे धरूनच चाला. त्याहून महत्त्वाचं: वस्तीतल्या ज्या चौकात कसलीच पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला पहिला मान. गल्ली कितीही बारकी असो, थांबायचं तुम्ही.

ऑटोबान

'ऑटोबानवर, म्हणजे जर्मनीच्या द्रुतगती महामार्गावर, वेगमर्यादा नसते' हे अर्धंच खरं. मोठमोठे पट्टे १२० किंवा १०० चे असतात, रस्त्याचं काम चालू असेल तिथे ८० किंवा ६०. पांढऱ्या गोलावर तिरप्या काळ्या रेघा दिसल्या की आधीची मर्यादा संपली. त्यानंतरही १३० हा शिफारस केलेला वेग आहे, १९७८ पासून. तो ओलांडला म्हणून पावती फाटत नाही. पण अपघात झाला तर चूक समोरच्याची असतानाही भरपाईचा काही वाटा तुमच्या गळ्यात येऊ शकतो.

म्युनिकहून आल्प्सच्या पायथ्याच्या गार्मिशकडे जाणारा ए९५ हा ऑटोबान पहिल्यांदा वेग घेणाऱ्यासाठी चांगला. बराच भाग मर्यादामुक्त, समोर आल्प्स. रविवारी सकाळी लवकर निघा. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरच्या ट्रकना बंदी असते, त्यामुळे उजवी लेन मोकळी मिळते. संध्याकाळी मात्र सगळं म्युनिक डोंगरातून घरी परतत असतं, तेव्हा या रस्त्याचं नाव काढू नका.

आता मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर लागलेली सवय इथेच सोडायची. उजव्या लेनमध्ये ट्रक रेंगाळतोय म्हणून डावीकडून काढणं आपल्या अंगवळणी पडलंय. जर्मनीत ओव्हरटेक फक्त डावीकडून. उजवीकडून काढणं गुन्हा, आणि ओव्हरटेक झाल्यावर डाव्या लेनमध्ये रेंगाळणंही. इंडिकेटर द्यायच्या आधी आरशात दोनदा पाहा. पहिल्यांदा ठिपक्याएवढी दिसलेली गाडी २५० ने येत असेल तर सेकंदाला जवळपास ७० मीटर कापते.

तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलचा एक ठोकताळा आहे. वेगाला दहाने भागा, येईल त्या आकड्याचा वर्ग करा, तितके मीटर थांबायला लागतात. १०० ला १०० मीटर, २०० ला ४००, शिवाय ब्रेकवर पाय पडेपर्यंतचे ६० मीटर वेगळेच. पुढच्या गाडीपासूनचं अंतर वेगाच्या निम्मं: १८० ला ९० मीटर. पुढच्याच्या बोकांडी बसणाऱ्यांचे फोटो काढायला पुलांवर कॅमेरे असतात.

दोन गोष्टी नवख्याला माहीत नसतात. वाहतूक थांबायला लागली की डाव्या लेनने डावीकडे आणि बाकी सगळ्यांनी उजवीकडे सरकून मधे रुग्णवाहिकेसाठी वाट करायची, सायरन ऐकू यायच्या आधीच. आणि इंधन संपलं ही सबब चालत नाही, त्यासाठी ऑटोबानवर थांबलात तर दंड. २०० च्या वर टाकी बघता बघता रिकामी होते, म्हणून पाव टाकी उरली की भरा. हायवेवरचे पंप महाग असतात, एक्झिट घेऊन गावात गेलं की दर उतरतो. पंपावर स्वतः भरायचं, नंबर लक्षात ठेवून आत पैसे द्यायचे. झाकणाच्या आत 'सुपर प्लस' लिहिलं असेल तर तेच.

रस्त्याच्या कामाच्या ठिकाणी डावी लेन अरुंद असते आणि पाटीवर २.१ मीटर किंवा त्याहून कमी रुंदी लिहिलेली असते. रुंदी आरशांसकट मोजतात. ९११ आरशांसकट दोन मीटरच्या आसपास भरते, तेव्हा अशा ठिकाणी उजवी लेन धरा.

डोंगर, सोमवारचे

खरी मजा इथे. शनिवार-रविवारी या रस्त्यांवर बाइकवाले आणि सायकलवाले दाटीने असतात, सोमवारी श्वास घेता येतो. म्हणून रविवारी ऑटोबान करून गार्मिशला मुक्काम करा.

सोमवारी सकाळी कोखेलला या. तिथून केसेलबेर्गचा घाट चढून वाल्खेनझे तलाव, पुढे वालगाऊ, परत गार्मिश, एट्टाल, लिंडरहोफचा राजवाडा. तिथून रस्ता ऑस्ट्रियात शिरून प्लानझे तलावाच्या काठाने रॉइटेला उतरतो आणि फ्युसेनवरून म्युनिक. ऑस्ट्रियातला हा तुकडा मोटरवे नाही, म्हणून टोलचं स्टिकर लागत नाही. पासपोर्ट मात्र खिशात हवा. घाटात वेगाच्या मर्यादा कमी आहेत आणि त्या पाळायच्याच. मजा आहे ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, छत उघडं टाकून.

चौथा दिवस मिळाला तर ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर रस्ता: ४८ किलोमीटर, ३६ तीव्र वळणं, १९३५ साली खुला झालेला, २,५०० मीटरच्या वर जाणारा. टोल वेगळा, आणि साधारण मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चालू. उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने खालचा गिअर ठेवा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर खाली पोचेपर्यंत जळका वास येईल. जून आणि सप्टेंबरची सुरुवात सगळ्यात बरी. सप्टेंबरअखेर ऑक्टोबरफेस्टमुळे म्युनिकची हॉटेलं परवडत नाहीत.

परत करताना

गाडी उजेडात परत करा, कर्मचाऱ्यासमोर, आणि 'नुकसान नाही' असं लिहून सही घ्या. रात्री चावी पेटीत टाकून विमानतळ गाठू नका. जवळच्या पंपावर टाकी भरा आणि पावती जपून ठेवा. डिपॉझिट सुटायला काही दिवस लागतात. कॅमेऱ्यात सापडला असाल तर पोलिस आधी कंपनीला विचारतात. कंपनी तुमचं नाव कळवते, त्याचे प्रोसेसिंग चार्जेस कार्डावर लावते, आणि दंडाची नोटीस पुढे घरच्या पत्त्यावर येते. ते कार्ड लगेच बंद करू नका आणि करार करताना पत्ता नीट, पिनकोडसकट लिहा.