प्रौढ वयात स्वसंरक्षणाची कला शिकायला सुरुवात करताना

पस्तिशी-चाळिशी ओलांडल्यावर लढण्याची एखादी कला शिकावी असे ज्यांच्या मनात येते, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘सर्वांत चांगली कला कोणती?’ हा असतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. शिकवलेला डाव खरोखर विरोध करणाऱ्या जोडीदारावर नेमाने वापरून पाहिला जातो की नाही, हे आधी विचारावे. समोरचा माणूस हात पुढे करून पुतळ्यासारखा उभा राहतो, आपण त्याचे मनगट मुरगाळतो आणि तो सौजन्याने खाली पडतो, हे दहा वर्षे केले तरी डाव तेवढा पाठ होतो, लढणे येत नाही.

याचा उलगडा ज्युदोच्या जन्मकथेत होतो. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोडोकान या आपल्या शाळेची स्थापना केली आणि जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले आघातासारखे घातक प्रकार मोकळ्या लढतीतून वगळून ठरावीक क्रमाने करायच्या सरावापुरते ठेवले. वरवर पाहता ही कला बोथट करण्यासारखीच गोष्ट होती. प्रत्यक्षात उलटे घडले, कारण उरलेले डाव शिष्यांना एकमेकांवर पूर्ण ताकदीने, समोरचा जिवाच्या आकांताने सुटू पाहत असताना, दररोज करता येऊ लागले. डोळ्यात बोट घालण्याचा सराव कोणी जोडीदारावर करू शकत नाही. फेकण्याचा आणि दाबून धरण्याचा करू शकतो. कुस्ती, बॉक्सिंग, मुए थाई (ठोसे-लाथांची थायलंडची कला), साम्बो (रशियन कुस्तीचा प्रकार) आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींची कला) या कला भरवशाच्या वाटतात त्या याच कारणाने.

कलेची निवड करताना स्वतःच्या शरीराकडे पाहावे. डोक्याला बसणारे ठोसे मेंदूला कधीच मानवत नाहीत आणि सवयीने मेंदू टणक होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ज्यांना डोके चालवून काम करायचे आहे, त्यांनी पकडीच्या कलेपासून सुरुवात करावी आणि ठोसे-लाथा नंतर, हलक्या लढतीपुरत्या शिकाव्यात, असे मी सुचवतो. ज्युदो उत्तम आहे, पण त्यातले पडणे चाळिशीनंतर अंगाला जड जाते; ब्राझिलियन जिउ-जित्सूचा बराचसा सराव जमिनीवरच होत असल्यामुळे तो नवख्या प्रौढाला सोसतो. १९९३ साली डेन्व्हर येथे झालेल्या यूएफसी या, वेगवेगळ्या कलांचे लढवय्ये एकमेकांशी भिडतात अशा, पहिल्या स्पर्धेत ब्राझिलियन जिउ-जित्सूचे रॉइस ग्रेसी यांनी एका संध्याकाळी तीन लढती जिंकल्या, तेव्हा जमिनीवरच्या झुंजीची ज्यांना ओळख नाही ते किती लवकर हतबल होतात हे जगाला दिसले. मात्र तिथे एका वेळी प्रतिस्पर्धी एकच होता, पंच हजर होता आणि पायाखाली मऊ गादी होती, हेही विसरू नये. क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीचे बीज तिचे जनक इमी लिख्टेनफेल्ड यांच्या रस्त्यावरच्या अनुभवात आणि पुढे इस्रायली सैन्याच्या प्रशिक्षणात आहे. आज त्या नावाखाली चालणाऱ्या वर्गांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आढळतो, त्यामुळे तिथे नावापेक्षा वर्ग पाहून निर्णय घ्यावा.

वर्ग पाहायला गेल्यावर शेवटची वीस मिनिटे आवर्जून थांबावे, कारण खरी परीक्षा तिथे असते. नवख्याची जोडी दांडग्या, उत्साही पोराशी लावली जाते की शांत, मुरलेल्या माणसाशी? कोणी हार मानण्याची खूण केली की पकड त्याच क्षणी सुटते का? प्रशिक्षक स्वतः मॅटवर उतरतात की बाजूला उभे राहून किस्से सांगतात? पहिल्याच भेटीत वर्षभराची फी भरण्याचा आग्रह होत असेल तर मी तरी तिथून निघून येईन.

रिकाम्या हाताने सुरी हिसकावून घेण्याचे डाव छातीठोकपणे शिकवले जात असतील तर एक साधी कसोटी आहे. जोडीदाराच्या हातात सुरीऐवजी जाड मार्कर पेन द्यावे, आपण जुना पांढरा शर्ट घालावा आणि त्याला अर्धा मिनिट मनापासून हल्ला करायला सांगावे. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवा. नंतर शर्टावरच्या रेघा मोजाव्यात. हाताच्या आतल्या बाजूला, पोटावर आणि मानेजवळ उमटलेल्या रेघा पाहिल्या की सुरीपुढे पहिला डाव पळण्याचा का असतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हृदय, रक्तदाब, मणका किंवा गुडघा यांची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन दिवस पुरेत. स्नायू लवकर तयार होतात, पण स्नायुबंध आणि सांधे मागे राहतात, आणि अंगात जोर आल्यासारखा वाटू लागतो नेमक्या त्याच सुमारास बोट किंवा खांदा दुखावतो. नखे कापलेली असावीत, अंगठी आणि साखळी काढून ठेवावी, दातांसाठी माउथगार्ड घ्यावा आणि सराव संपल्यावर लगेच अंघोळ करावी, कारण नायटा मॅटवरून अंगावर यायला वेळ लागत नाही.

सर्वांत आधी शिकायचे ते पडणे. आयुष्यात मारामारीचा प्रसंग एकदाही येणार नाही, पण ओल्या फरशीवरून पाय घसरणारच, त्यामुळे एवढे एकच शिकून कोणी वर्ग सोडला तरी त्याचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन. मागे पडताना हनुवटी छातीला टेकवून नजर पोटाकडे ठेवावी, म्हणजे डोके आपटत नाही. टाचांच्या जवळ बूड टेकवत पाठ गोल करून खाली जावे आणि पाठ जमिनीला लागते त्याच क्षणी दोन्ही हात, शरीरापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे खाली ठेवून जमिनीवर थापावेत. मागे हात टेकून स्वतःला सावरू पाहणे ही उपजत चूक आहे आणि मनगट मोडते ते त्यामुळेच. सुरुवात उकिडवे बसून करावी. उभ्याने पडण्याची घाई नको.

यानंतर कोणी पोटावर चढून बसले तर सुटायचे कसे, हे शिकावे. नवखा माणूस अशा वेळी दोन्ही हातांनी समोरच्याची छाती वर ढकलतो, त्यात हात सरळ होतात, दमतात आणि पकडले जातात. त्याऐवजी कोपरे बरगड्यांना चिकटवून ठेवावीत. समोरच्याचा एक हात मनगटाशी व कोपराच्या वर धरून आपल्या छातीशी आवळावा आणि त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पावलाने बाहेरून अडवावा, म्हणजे त्या बाजूला टेकायला त्याच्याकडे काहीच उरत नाही. आता टाचा बुडाजवळ घेऊन कंबर जोरात वर उचलायची आणि अडवलेल्या बाजूच्या आपल्या खांद्यावरून तिरपे उलटायचे. सरळ वर उचलले तर तो फक्त हिंदकळतो. तिरपे गेले की कोसळतो. सहकार्य करणाऱ्या जोडीदारावर हे दहा मिनिटांत जमते, आणि विरोध करणाऱ्यावर जमायला मला चार महिने लागले.

हार मानण्याची खूण, म्हणजे जोडीदाराच्या अंगावर दोनदा थापटणे, ही लवकर करावी. दुखायला लागल्यावर नव्हे, तर आता सुटका नाही हे कळताच. दुसऱ्याच महिन्यात एका पोरसवद्या मुलाने माझ्या कोपराला पीळ दिला होता आणि मी केवळ वयाच्या अभिमानाने दोन सेकंद जास्त तग धरला; त्या दोन सेकंदांची किंमत म्हणून मला सहा आठवडे डाव्या हाताने साधी बादली उचलता आली नाही. चूक त्याची नव्हती. खांदा आणि गुडघा यांच्या बाबतीत तर वेदना जाणवेपर्यंत इजा होऊनही गेलेली असते.

ठोसे शिकायला लागल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हातमोज्याशिवाय मुठीने डोक्यावर मारले तर करंगळीमागचे हाड मोडण्याची शक्यता मोठी असते, म्हणून उघड्या हाताने तळव्याच्या मनगटालगतच्या भागाचा आघात जास्त उपयोगी पडतो.

डावांच्या गर्दीत सहसा मागे पडणारा विषय म्हणजे लढत सुरू होण्याआधीची काही सेकंदे. अनोळखी माणूस चढ्या आवाजात जवळ येऊ लागला तर हाताच्या पल्ल्याबाहेर राहावे, दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर उघडे धरावेत आणि ‘मागे थांबा’ हे स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणावे. उघड्या तळव्यांमुळे पाहणाऱ्यांना आपण भांडण टाळतो आहोत हे दिसते आणि गरज पडल्यास हात आधीच वर असतात. हे वाक्य लाज सोडून ओरडण्याचाही सराव करावा लागतो. सभ्य माणसांना ठोसा मारण्यापेक्षा हेच अवघड जाते, असे मी पाहिले आहे. धोका टळल्यावरही मारत राहिल्यास स्वसंरक्षणाचा आधार कायद्यापुढे टिकणे कठीण होते, म्हणून समोरचा मागे हटला किंवा पडला की आपणही थांबून निघावे.

सहा महिन्यांनी, पडणे आणि सुटणे अंगवळणी पडल्यावर, महिन्यातून एकदा रोजच्या कपड्यांत सराव करावा. खांद्याला पिशवी, पायात नेहमीची चप्पल किंवा बूट, आणि जोडीदाराने मागून येऊन केव्हाही धरायचे. घट्ट पँटमध्ये गुडघा वर येत नाही, पिशवीचा पट्टा गळ्यात अडकतो, चप्पल निसटते, हे सारे तिथेच कळते. या सरावाचा नियम एकच ठेवावा: पकड सुटली की वळून मारायला जायचे नाही, खोलीच्या दाराकडे धावायचे, आणि दाराला हात लागला की फेरी संपली.