चढाई करणाऱ्या सैन्याची ताकद जोखताना या चुका टाळा: युक्रेन युद्धाचा अनुभव

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हा राजधानी कीव्ह काही दिवसांत पडेल असे बहुतेक जाणकार सांगत होते. एप्रिल उजाडला तोवर रशियन फौजा कीव्हच्या परिसरातून परत फिरल्या होत्या. मग सूर पालटला: बडा घर, पोकळ वासा! २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनचा प्रतिहल्ला दक्षिणेतल्या झापोरिझ्झिया प्रांताच्या सुरुंगांत रुतला आणि हाही अंदाज फसला. त्यानंतर 'आता रशियाला कोण अडवणार' असे म्हणणारे पुढे आले, तर पूर्व युक्रेनमधल्या पोक्रोव्स्क या एका शहराच्या वेशीवर दीड वर्ष झुंज चालली.

एवढे अंदाज का चुकले? माझ्या मते मूळ एकच आहे. सैन्याची ताकद हा जणू ठरलेला आकडा आहे, असे धरून आपण बोलतो. प्रत्यक्षात कुठलेही सैन्य एखाद्या कामासाठी, आपल्या रसदीच्या ठाण्यापासून काही अंतरावर, एखाद्या विशिष्ट वेळी बलवान किंवा दुबळे असते. यातले काहीही बदलले की उत्तर बदलते. चढाई करणाऱ्याच्या बाबतीत तर हे जास्तच खरे, कारण तो रोज आपल्या घरापासून दूर जात असतो. आपल्याकडच्या चर्चांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका आणि त्या सुधारायच्या कशा, ते पाहू.

रणगाडे मोजले, ट्रक मोजले नाहीत

सगळ्यात मोठी चूक ही. चढाईच्या आधी सगळ्यांच्या तोंडी आकडे होते ते सैनिकांचे, रणगाड्यांचे आणि क्षेपणास्त्रांचे. सीमेवर दीड लाखाहून जास्त सैन्य जमले होते, ते खरेच होते. पण त्या सैन्याला रोज डिझेल, दारूगोळा, पाणी आणि जेवण कोण पोचवणार, हे फार थोड्यांनी विचारले.

रशियन सैन्याची रसद रेल्वेवर चालते. सोव्हिएत काळापासून ती व्यवस्था आहे आणि ती उत्तम आहे. रूळ टाकणारी, दुरुस्त करणारी वेगळी दलेच त्यांच्याकडे आहेत. युक्रेनचे रूळही त्याच १५२० मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे गाड्या बदलण्याची गरज नाही. प्रश्न रूळ संपतो तिथून सुरू होतो. तिथून पुढे ट्रक लागतात आणि रशियाकडे सैन्याच्या मानाने ट्रक कमी होते. त्यातही माल यंत्राने उचलता येईल असा फळ्यांवर बांधलेला नसायचा. तोफगोळ्यांच्या लाकडी पेट्या हातांनी चढवायच्या आणि हातांनीच उतरवायच्या. ठाण्यापासून आघाडी जितकी लांब, तितक्या ट्रकच्या फेऱ्या कमी.

उत्तरेकडून चढाई करताना चेर्निहिव्ह, सुमी, खारकिव्ह ही शहरे बाजूला टाकून पुढे निघायचा बेत होता. पण रेल्वेची जंक्शने याच शहरांत आहेत. ती हाती न आल्यामुळे मागचा रूळ उपयोगाचा राहिला नाही. कीव्हच्या उत्तरेला ६० किलोमीटरहून लांब वाहनांची रांग उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसत होती. आपल्याकडे अनेकांनी ते चित्र रशियाच्या प्रचंड बळाचा पुरावा म्हणून दाखवले. खरे तर ते खोळंबलेल्या सैन्याचे चित्र होते. बर्फ वितळून शेतांचा चिखल झालेला, रस्ता सोडून उतरायची सोय नाही, आणि देमिदिव्ह गावाजवळ युक्रेनियनांनी पाणी सोडून इरपिन नदीचे खोरेच भरून टाकले होते.

आता याच दिवसांतली दक्षिण आघाडी पाहा. क्रायमियातून निघालेले रशियन सैन्य मार्चच्या पहिल्या आठवड्यात खेर्सोन आणि मेलितोपोल घेऊन बसले होते. सैन्य तेच, शस्त्रे तीच. फरक असा, की २०१४ मध्ये रशियाने बळकावलेल्या क्रायमियात तेव्हापासून साठे तयार होते, मागे रेल्वे होती, जमीन सपाट आणि कोरडी होती आणि नीपर नदीवरचा अंतोनिव्का पूल शाबूत हाती आला. उत्तरेत जे सैन्य अनाडी वाटत होते, तेच दक्षिणेत भरधाव सुटले होते.

तेव्हा कुठल्याही चढाईची बातमी आली, की नकाशावर बाणाचे टोक पाहण्याआधी बाणाचे शेपूट पाहा. शेवटचे रेल्वे स्थानक कोणते? मध्ये नद्या किती आणि पूल कुणाच्या ताब्यात? जून २०२२ मध्ये अमेरिकेची हायमार्स रॉकेटे युक्रेनला मिळाली, तेव्हा त्यांनी आधी मारा केला तो रेल्वेलगतच्या दारूगोळ्याच्या कोठारांवर. कोठारे मागे हलवावी लागली, ट्रकचा पल्ला वाढला आणि तोपर्यंत रात्रंदिवस बरसणारा रशियन तोफखाना मंदावला. एकही तोफ न फोडता तोफखाना कमजोर करता येतो, तो असा.

कागदावरची बटालियन खरी मानली

चढाईसाठी रशियाने सुमारे १२० बटालियन गट आणले होते. एका गटात साधारण ६०० ते ८०० सैनिक, दहाएक रणगाडे, चिलखती गाड्या आणि भरपूर तोफा. कागदावर हे छोटे, चपळ आणि जबरदस्त दिसते. उणीव होती ती पायदळाची. शांततेच्या काळात या तुकड्या अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या असत आणि सक्तीच्या भरतीतले तरुण परदेशी युद्धावर पाठवणार नाही, असे सरकारने लोकांना सांगितले होते. (त्यातले काही गेलेच होते, ९ मार्च २०२२ रोजी संरक्षण मंत्रालयाला ते मान्य करावे लागले.) परिणामी चिलखती गाडीत चालक आणि तोफची आहेत, पण उतरून झाडी तपासायला, गल्ली ताब्यात ठेवायला माणसेच नाहीत. पायदळ सोबत नसलेला रणगाडा शहराच्या तोंडाशी फार असहाय असतो. कीव्हलगतच्या बुचा आणि इरपिन या गावांच्या रस्त्यांवर जळलेल्या गाड्यांच्या रांगा दिसल्या, त्या यामुळे.

आणखी एक खूण तेव्हाच दिसत होती. कीव्हकडे निघालेल्या ताफ्यांत रोसग्वार्दिया या अंतर्गत सुरक्षा दलाच्या तुकड्या होत्या. जमाव पांगवण्याची साधने घेऊन आघाडीवर निघालेले दल सांगते, की वरच्यांनी लढाईची नाही, बंदोबस्ताची तयारी केली होती. सैन्याचा दुबळेपणा पुष्कळदा त्याला दिलेल्या हुकमात असतो. कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर पहिल्याच दिवशी हेलिकॉप्टरने उतरलेले छत्रीधारी सैनिक शूर आणि चांगले तयार होते. पण धावपट्टी युक्रेनी तोफांच्या माऱ्याखाली राहिली, कुमक घेऊन येणारी मालवाहू विमाने उतरू शकली नाहीत आणि सगळा बेत तिथेच कोलमडला.

एका प्रसंगावरून कायमचा शिक्का मारला

मे २०२२ मध्ये बिलोहोरिव्काजवळ सिव्हेर्स्की दोनेत्स नदी ओलांडताना रशियाचे तरंगते पूल तोफांनी उडवले आणि ७० हून अधिक वाहने नदीकाठी नष्ट झाली. त्यावरून 'यांना नदीही ओलांडता येत नाही' असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच सैन्याने खेर्सोनमधून माघार घेताना हजारो सैनिक आणि त्यांची सामग्री नीपरसारख्या विशाल नदीपार शिस्तीत नेली. एकदा घाई होती आणि शत्रूला जागा आधीच कळली होती. दुसऱ्यांदा तयारीला वेळ मिळाला होता.

या चुकीचा इतिहासातला सर्वांत महागडा नमुना रशियाच्याच बाबतीतला आहे. नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने फिनलंडवर चढाई केली आणि पहिले दोन महिने त्याची भयंकर दैना झाली. जर्मनीने ती दैना लक्षात ठेवली. पण फेब्रुवारी १९४० मध्ये त्याच सैन्याने पद्धत बदलून फिनलंडची मानेरहाइम तटबंदी फोडली, हे जर्मनीने मनावर घेतले नाही. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चढाई केली. मे १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य बर्लिनमध्ये होते.

सैन्य शिकते. हळू शिकते, माणसांची भयानक किंमत देऊन शिकते, पण शिकते. सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनने बालाक्लिया, कुपियान्स्क, इझ्युम भराभर परत घेतले, कारण तिथली रशियन फळी विरळ होती. २१ सप्टेंबरला रशियाने तीन लाख राखीव सैनिकांना बोलावले आणि दक्षिणेत खंदक, सिमेंटचे अडथळे व सुरुंगांचे पट्टे एकामागे एक रचले. जून २०२३ मध्ये पाश्चात्त्य रणगाडे घेऊन युक्रेनी तुकड्या ओरिखिव्हहून निघाल्या, त्या सुरुंगांत अडकल्या आणि वरून रशियाच्या के-५२ हेलिकॉप्टरांनी दुरून क्षेपणास्त्रे मारली. ऑगस्टमध्ये रोबोतिने हे गाव मिळाले, पण पुढचे तोकमाक दूरच राहिले.

इथे एक बारकावा सुटतो. २०२३ मध्ये रशियन सैन्य चढाई करत नव्हते, बळकावलेली जमीन राखत होते. राखण्यात ते भक्कम निघाले म्हणून घेण्यातही भक्कम झाले, असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वेतले अवदिइव्का हे शहर रशियाच्या हाती पडले. तिथून पोक्रोव्स्क सुमारे ४० किलोमीटर. ड्रोनच्या नजरेखाली मोठा ताफा जमवताच येत नाही, म्हणून दोघे-तिघे सैनिक पायी किंवा मोटारसायकलवर पुढे सरकतात. अशाने गावे घेता येतात, पण आघाडी फोडून मुसंडी मारता येत नाही. अंदाज बांधताना स्वतःला विचारा: आज हे सैन्य घेण्याचे काम करते आहे की राखण्याचे?

विमाने जास्त, म्हणजे आकाश आपले

रशियाची विमाने युक्रेनच्या कितीतरी पट होती. तरीही युक्रेनच्या आकाशावर पूर्ण ताबा मिळाला नाही, कारण युक्रेनने आपली फिरती क्षेपणास्त्र दले हल्ल्याच्या ऐन आधी हलवली होती. रशियन वैमानिकांना खाली उडावे लागले आणि खाली खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रे होती. पुढे रशियाने जुन्या बॉम्बना पंख आणि दिशादर्शक यंत्रणा बसवली. विमान आपल्याच हद्दीत राहून ते दुरून सोडू लागले. अवदिइव्का पडण्यात या बॉम्बचा मोठा वाटा होता. ज्या कामासाठी हवाई दल कमी पडले, त्याला बगल देऊन दुसरा उपयोग शोधला गेला.

शस्त्राचा दोष आणि सैन्याचा दोष एकच धरला

ही चूक आपल्याकडे जास्त होते आणि आपल्याला ती परवडणारी नाही. टी-७२ रणगाड्याचा उडालेला बुरूज पाहिला की 'रशियन माल भंगार' असे म्हटले जाते. भारताची बहुतेक चिलखती दले टी-७२ आणि टी-९० वर उभी आहेत. अहिल्यानगरच्या केंद्रात रणगाडा दलाचे जवान घडतात, नाशिकजवळ ओझरला सुखोई-३० बांधली गेली. त्यामुळे प्रश्न नीट मांडायला हवा.

टी-७२ मध्ये तोफगोळे माणसांच्या पायाखालीच गोल रचलेले असतात, त्यामुळे चिलखत भेदले की बुरूज उडतो. हा रचनेतला दोष खराच आहे. पण युक्रेनही त्याच घराण्यातले टी-६४ आणि टी-७२ घेऊन लढला. रशियन विमानांना खाली उडायला लावणाऱ्या एस-३०० आणि बुक या विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा सोव्हिएत बनावटीच्याच होत्या. तीच शस्त्रे दोन हातांत वेगळी वागली असतील, तर फरक हातांत शोधायला हवा. आपल्याकडे सुभेदार-हवालदारांची जी अनुभवी फळी तुकडी सांभाळते, तशी फळी रशियन सैन्यात दुबळी आहे. छोटे निर्णयही अधिकाऱ्यापर्यंत जातात. साध्या रेडिओवर आणि मोबाइलवर हुकूम दिले गेले, ते शत्रूने ऐकले, आणि गोंधळ निस्तरायला पुढे आलेले सेनापती मारले गेले. शिवाय एप्रिल २०२२ पर्यंत सगळ्या आघाड्यांवर मिळून एक सरसेनापतीच नव्हता.

मेलेल्यांचा आकडा कुठून घ्यायचा

दोन्ही सरकारे शत्रूची हानी फुगवतात आणि आपली झाकतात. म्हणून सरकारी दावा हा अंदाजाचा पाया करू नका. उघड छायाचित्रांवरून एकेक वाहन मोजणाऱ्यांची यादी ही किमान संख्या समजा. त्या मोजणीत रशियाचे ३ हजारांहून अधिक रणगाडे गेले आहेत. सैनिकांच्या बाबतीत मीडियाझोना हे स्वतंत्र रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बीबीसी यांनी श्रद्धांजलीच्या बातम्या आणि कबरींवरून नावे जुळवली. २०२५ मध्ये ती नावे एक लाखाच्या पुढे गेली, आणि ही फक्त पटलेली नावे आहेत. मात्र हानी मोठी, म्हणजे सैन्य कोसळणार, असाही हिशोब करू नका. मोठी रक्कम देऊन भरती चालू आहे, तुरुंगांतून माणसे आणली गेली, उत्तर कोरियाने तोफगोळे आणि सैनिकही दिले. हानीच्या आकड्याशेजारी दर महिन्याच्या भरतीचा आकडा ठेवा, नष्ट रणगाड्यांशेजारी कोठारातून बाहेर काढलेल्यांचे वय लिहा. २०२२ मध्ये १९६० च्या दशकातले टी-६२ निघाले, २०२३ मध्ये त्याहून जुने टी-५५ दिसू लागले. सैन्य कुठल्या दिशेने चालले आहे, ते अशा जोड्यांवरून कळते.