कोयत्याला पाणी कसं द्यावं (आणि बाकीचं थोडक्यात)

खंडेनवमीला औजारं पुजून झाली की ऊसतोड तोंडावर येते आणि सोलापूरकडच्या लोहारांच्या दारात कोयत्यांचा ढीग पडतो. त्या ढिगात दोनच आजार असतात. एकतर धार दुमडलेली, नाहीतर धारेचा टवका उडालेला. घडणीला दोष देऊन नवा कोयता ठोकत बसू नका. घडण बहुतेक वेळा ठीक असते, पाणी (म्हणजे पातं लाल तापवून, बुडवून कडक करणं) चुकलेलं असतं.

भट्टी, ब्लोअर, ऐरण, सांडशी तुमच्याकडे आहे आणि तापलेलं लोखंड हाताळायची सवय आहे, असं धरून पुढचं लिहितो.

माल

कमानपाटा घ्या, म्हणजे गाडीच्या चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी. पुणे-हैदराबाद रस्त्यावर पाटे बदलणारी गॅरेजं आहेत, तिथे जुना पाटा वजनावर मिळतो. मोठ्या ट्रकचा पाटा जाड असतो, तो पातळ करता करता निम्मा कोळसा आणि दोन्ही खांदे जातात. जीप किंवा लहान टेम्पोचा ६-७ मिमीचा पाटा बघा. ४५ मिमी रुंद आणि २५ सेंमी लांब तुकडा जवळपास अर्धा किलो भरतो, पात्याला तेवढा पुरे. मुठीत जाणाऱ्या शेपटासाठी वर ४-५ सेंमी जास्त धरा. मोडलेला पाटा स्वस्त मिळाला तरी नको, कारण एक तडा दिसतो तेव्हा न दिसणारे आणखी असतात. मधल्या भोकाजवळचा भागही सोडून द्या.

बांधकामाच्या सळईचा कोयता करा असं सांगणारे भेटतात. त्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो, पाट्यात अर्ध्या टक्क्याहून जास्त. सळईला कितीही पाणी पाजा, धार टिकणार नाही. शंका असेल तर दोन्ही ग्राइंडरला लावून बघा. सळईच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, पाट्याच्या ठिणग्या टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात.

घडण

पळसाच्या फुलासारखा केशरी रंग आला की ठोका. रंग डाळिंबाच्या दाण्याइतका गडद झाला की थांबा आणि परत भट्टीत घाला. काळ्यावर ठोकलेलं पातं पुढे तेलात चिरतं.

एकच गोष्ट ध्यानात ठेवा. धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते, आणि पातं आपोआप पाठीकडे उलटं वळतं. कोयत्याची धार आतल्या बाकाला असते, म्हणून धारेकडचा उतार ठोकून काढण्याआधीच पातं हवं त्यापेक्षा जास्त वाकवून घ्या. पुढे ते स्वतःच जागेवर येतं. धार पूर्ण काढू नका, २ मिमी जाड राहू द्या. तेवढी जाडी पुढच्या टप्प्यात कामाला येते.

घडण झाली की पातं चुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत तापवून, वारा नसलेल्या जागी हवेतच काळं होऊ द्या. असं तीनदा करा. ठोकताना साठलेला ताण आणि पोलादाचा आतला वाढलेला दाणा यातून ताळ्यावर येतो. कंटाळा येतो, पण टाळू नका.

पाणी

आता खरं काम.

‘पाणी देणं’ हा शब्दच अनेकांचा घात करतो. कमानपाट्याला पाणी म्हणजे तेल. पाट्याच्या पोलादात मँगनीजबरोबर सिलिकॉन किंवा क्रोमियम घातलेलं असतं, त्यामुळे ते जरा सावकाश थंड झालं तरी आतपर्यंत कडक होतं. पाण्यात कातडी आधी कडक होते. आतला भाग मागून कडक होताना फुगतो आणि कातडीला चिरतो. बादलीतून ‘टिंग’ असा बारीक आवाज आला की पातं गेलं. विहिरीचं गार पाणी, मिठाचं पाणी, बर्फ, हे सल्ले साध्या कार्बन पोलादाच्या काळातले आहेत. पाट्यावर ते चालवू नका.

तेल खाद्यच वापरा. आपल्याकडे करडई आणि शेंगदाणा दोन्ही आहेत, पण ताज्या तेलावर पैसे घालवायची गरज नाही. भज्याच्या गाडीवरचं जळकं तेल गाळून घ्या आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत एकदा तापवा. हे तापवणं का, तर तेलात राहिलेलं पाणी तळाशी बसतं, लाल पातं लागताच त्याची वाफ होते आणि पेटतं तेल अंगावर उडतं. इंजिनचं जुनं ऑइल फुकट मिळालं तरी नको. त्याचा धूर छातीत जातो आणि त्यात काय काय मिसळलंय याचा पत्ता नसतो.

पातं उभं बुडेल असा खोल लोखंडी डबा, १० लिटर तेल, शेजारी झाकण आणि वाळूची बादली. तेल ५०-६० अंशांवर ठेवा. गार तेल घट्ट असतं, पात्याला नीट भिडत नाही. अर्ध्या किलोच्या एका पात्याने एवढं तेल १२-१५ अंशांनी तापतं, म्हणून सलग तीन पाती झाली की थांबा.

दुपारी पाणी देऊ नका. सोलापूरच्या उन्हात गडद लाल पातं काळं दिसतं, म्हणून माणूस आणखी तापवतो आणि पातं जळतं. दिवस मावळल्यावर नाहीतर उजाडायच्या आत, पत्र्याच्या सावलीत, बल्ब बंद करून काम करा. रंगावर एकट्यावर विसंबूही नका, दोन माणसांना एकच लाल वेगवेगळा दिसतो. तारेला बांधलेलं चुंबक जवळ ठेवा. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. पात्याला हवी असलेली उष्णता त्याच्या थोडी पुढे, ८५० च्या आसपास, म्हणजे चुंबक सोडल्यावर रंग एक छटा उजळेपर्यंत.

चुंबकापेक्षा विश्वासाची एक खूण पात्यातच दिसते. अंधारात नजर पात्यावर ठेवा. तापत्या लालीत ढगाची सावली सरकावी तसा एक काळसर पट्टा फिरतो. पोलाद आतून बदलत असताना उष्णता गिळतं, त्याची ती सावली. पातळ भागात ती आधी विरते, पाठीकडे शेवटी. धारेच्या पूर्ण लांबीवर सावली उरली नाही आणि पातं सगळीकडे सारखं उजळ दिसलं, की वेळ झाली. पहिल्या पाच-सहा पात्यांत मला ही सावली दिसलीच नव्हती, कारण मी बल्ब लावून काम करत होतो.

सारखं तापवणं हेच अवघड. टोक आणि धार पातळ असतात, ती पाठीच्या आधी पेटतात. त्यासाठी दगडी कोळशापेक्षा वेड्या बाभळीचा लोणारी कोळसा बरा. त्याचा थर १०-१२ सेंमी ठेवा, ब्लोअर अगदी मंद करा, पातं पाठीवर उभं करून धार वर ठेवा आणि सतत मागेपुढे सरकवत राहा. टोक पुढे पळायला लागलं तर ते आगीबाहेर काढा आणि पाठ शेकत राहा. निखाऱ्यात लोखंडी पाइपचा तुकडा पुरून त्याच्या पोकळीत पातं तापवलं तर काम निम्मं सोपं होतं. जस्ती पाइप मात्र चुकूनही नको, जस्ताचा पांढरा धूर ताप आणतो.

जास्त तापलं की काय होतं, ते एकदा मुद्दाम बघाच. पाट्याचे दोन फालतू तुकडे घ्या, एक बरोबर तापवून आणि एक पिवळाजर्द करून तेलात बुडवा. गार झाल्यावर चिंध्यात गुंडाळून, चष्मा लावून व्हाइसमध्ये मोडा. बरोबर तापलेल्याची मोड राखेसारखी बारीक आणि करडी दिसते. जास्त तापलेल्याची मोड कारखान्याच्या साखरेसारखी दाणेदार चमकते. त्या दाण्यांच्या सांध्यांतूनच धारेचा टवका उडतो.

आता बुडवणं. भट्टीतून डब्यापर्यंत दोन सेकंदांच्या वर नको, म्हणून डबा हाताशी. पातं टोकाकडून सरळ उभं आत सोडा आणि वर-खाली हलवा. डावी-उजवीकडे ढवळलंत तर एक बाजू आधी गार होते आणि पातं वाकतं. आठ-दहा सेकंदांनी बाहेर काढा. धूर यावा, ज्वाळा येऊ नये. ज्वाळा आली तर परत बुडवा. वाक दिसला तर याच वेळी जाड हातमोजे घालून हाताने सरळ करा, अर्धं मिनिट मिळतं. त्यानंतर जोर लावला तर पातं काचेसारखं तुटेल.

गार झाल्यावर जुनी कानस धारेवर फिरवा. वरची खपली निघाल्यावर कानस घसरली पाहिजे. चावली तर कमी तापलं होतं, परत करा.

उतरवणी

या अवस्थेत कोयता हातातून पडला तरी फुटू शकतो. म्हणून पातं परत बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा, हीच उतरवणी. ‘उद्या बघू’ म्हणू नका, रात्रभर ठेवलेलं पातं सकाळी चिरलेलं सापडतं. तासाभरात उतरवा.

पात्याची एक बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा. भट्टीवर २० मिमीची जाड प्लेट तापवा आणि पातं पाठीवर उभं ठेवा. रंग पाठीकडून धारेकडे चढतात. सुमारे २३० अंशांना गव्हाळ पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. कोयत्याला पाठ निळी आणि धार जांभळी हवी. पिवळ्यावर थांबवलेली धार वस्तऱ्यासारखी लागते, आणि बुडख्याशी वार करताना पहिल्याच मुरमाच्या खड्याला टवका उडतो. ऊस तर जमिनीलगतच तोडायचा असतो, तिथे खडा लागणारच. धारेवर जांभळा आला की पाण्यात बुडवून रंग थांबवा. इथे पाणी चालतं. परत घासून ही उतरवणी दुसऱ्यांदा करा.

‘निळा म्हणजे सगळ्यात कडक’ हे उलटं आहे. निळ्याकडे जाताना पोलाद मऊ होत जातं.

मूठ आणि धार

बाभळीची मूठ, तोंडाला वसवी (मूठ फुटू नये म्हणून धातूचं कडं), शेपूट तापवून आत ठोकायचं. धार दोन्हीकडून २५-३० अंशांची. ग्राइंडरवर धरलेल्या पात्याला उघडं बोट लावता येत नसेल तर ते जास्त तापलंय, पाण्यात बुडवा. धारेवर ग्राइंडरने निळा आणला तर तेवढी जागा मऊ पडली, ती घासून काढावी लागते.

शेवटी वाळक्या बाभळीच्या गाठीवर वीस वार करा आणि धार उजेडात आडवी धरून बघा. टवका उडाला असेल तर उतरवणी आणखी थोडी पुढे न्या, निळ्याच्या सुरुवातीपर्यंत. नव्या मोडीत साखर दिसत असेल तर उतरवणीने भागणार नाही, हवेत गार करण्यापासून परत सुरुवात करा. धार दुमडली असेल तर आधी कानस लावून बघा. फक्त वरची कातडी मऊ असेल आणि खाली कानस घसरत असेल, तर अर्धा मिलिमीटर घासला की कोयता कामाला लागतो.